मुरुड ते कंधार, दर आमुशाला

ज्या साली माझ्या मेव्हणीचं, गुरम्माचं, लग्न कंधारला झालं आणि पंगतीत पाणी संपलं म्हणून वऱ्हाडाला गोटी सोडा पाजून उठवलं, त्याच साली लातूर जिल्हा झाला. लग्न वैशाखात, जिल्हा श्रावणात. लग्नात मला एकच काम दिलं होतं, मांडव घालायचं. मी अर्धा घातला. दोऱ्या संपल्या म्हणून आणायला गेलो, वाटेत एकानं पान खायला बसवलं, आणि परत आलो तोवर अक्षता पडून गेल्या होत्या. अर्धं वऱ्हाड सावलीत, अर्धं उन्हात. उन्हातलं अर्धं नेमकं नवरदेवाकडचं.

माझे सासरे मडिवाळप्पा कंधारला किराणा दुकान चालवायचे. कपाळाला भस्माचे तीन पट्टे आणि तोंडात वस्तरा. त्यांनी भर मांडवात, म्हणजे जेवढा होता तेवढ्या मांडवात, हात जोडून पाहुण्यांना सांगितलं, "माफी करा मंडळी. हे आमचे अर्धे जावई."

नाव खोटं नव्हतं. मुरुडच्या माझ्या तुकड्यात वीस हातांवर सोडून दिलेली विहीर होती, तिच्यात पाणी सोडून सगळं होतं. घराला पुढून गिलावा होता, मागून नव्हता. शाळेत मी दीड दिवस गेलो होतो. चाळिशीला टेकलो तरी सही येत नव्हती, अंगठ्यावर चाललं होतं. मुरुडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मी मापाडी होतो. धान्य मापताना मोजायचो ते मात्र पाठ होतं, तिथं मी कधी चुकलो नाही. म्हणून वाटायचं, वाचता नाही आलं म्हणून काय झालं, मोजता तर येतं.

ते नाव माझ्या आधी मुरुडला पोचलं. मला त्याचं काही नव्हतं. माणसाला मुरुडात याहून वाईट नावं आहेत. पण आषाढात माझी पोरगी पार्वती, तिसरीतली, शाळेतून दप्तर फरफटत आली आणि कोपऱ्यात तोंड घालून बसली.

"काय झालं?"

"मला अर्ध्याची म्हणून राहिलेत समदे. हजेरी घेताना बी."

"गुरुजींनी काही म्हटलं नाही?"

"गुरुजीच लई हसले."

ते मात्र मला लागलं. माझं नाव माझ्यापाशी राहिलं असतं तर चाललं असतं, पोरीच्या अंगाला ते चिकटायला नको होतं.

नागपंचमीला माझी बायको मल्लम्मा माहेरी गेली होती. पोळ्याला मी तिला आणायला कंधारला गेलो. दोन-तीन दिवसांपूर्वीच लातूर जिल्हा झालेला. लातुरात फटाके, गुलाल, बँड, आणि मी त्यातून वाट काढत बसमध्ये चढलेला. अंगावरचा गुलाल झटकलासुद्धा नव्हता. सासऱ्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी जरा मोठेपणानं म्हटलं, "मामा, आता आम्हीबी जिल्ह्याचे झालो."

नांदेड जिल्ह्याच्या माणसाला हे बोलायला नको होतं. मडिवाळप्पांनी गुळाची भेली फोडता फोडता वर न बघता विचारलं, "कुठनं काढला म्हणे जिल्हा?"

"उस्मानाबादेतनं."

"म्हंजी उस्मानाबाद तोडून अर्धा तुकडा तुम्हाला दिला. हाव, शोभतंय. अर्ध्याला अर्धा."

दुकानात चार गिऱ्हाइकं होती, चारी हसली. मी म्हटलं, "मामा, ते नाव आता सोडा. पोरीला शाळेत चिडवून राहिलेत."

"सोडतो की. एक काम पुरं करून दाखवा, आत्ता सोडतो."

"कंधारला आलो न्हाई का? आलो ना पुरा?"

"बसमधी बसून आलात. ते काम कंडक्टरनं पुरं केलं."

मला राग आला. रागात माझ्या तोंडून निघालं, "सायकलनं येऊन दाखवतो."

"एकदा? एकदा कुणीबी येतं. वर्षभर या."

"येतो."

"दर महिन्याला. आणि आमुशाला. सकाळी मुरुड सोडायचं आणि सूर्य मावळायच्या आत हितं ह्या पायरीवर. ह्या पोळ्यापासून त्या पोळ्यापर्यंत. परत जातानाचं मी मोजणार न्हाई."

आमुशाला, म्हणजे अमावस्येला, आपल्याकडे माणूस शेजारच्या गावी जात नाही, आणि मुरुड ते कंधार सव्वाशेच्या वर किलोमीटर. म्हाताऱ्यानं दिवस नीट निवडला होता. मी विचार केला तो एवढाच, बारा महिन्यांच्या आमुशा बारा. "बाराच ना? बघून घ्या," म्हटलं. त्यांनी गूळ जोरात फोडला.

परतीच्या बसमध्ये मल्लम्मा खिडकीपाशी बसली होती. अहमदपूर गेल्यावर म्हणाली, "आवं, तुम्हाला सायकल येती का?"

"येती."

"मी कदी बघितली न्हाई."

"बारका असताना शिकलो होतो. अर्ध्या पायडलनं."

"मग झालंच," म्हणाली आणि पदर तोंडावर घेऊन लोहाराच्या भात्यासारखी हसली. ती पुढं चाकूर येईपर्यंत हसत होती.

मुरुडच्या बसस्टँडसमोर हनीफचं सायकलचं दुकान होतं, तासानं सायकली द्यायचा. तो माझ्यासारखाच चाळिशीचा, उर्दू शिकलेला, मराठी पाट्या रंगवून रंगवून आलेली. त्याला सगळं सांगितलं. तो पंक्चर काढत होता. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधता शोधता म्हणाला, "अमावस को? दो जिल्हे पार करके? बसवंत, तेरा सुसरा तेरे कू मारना चाहता क्या?"

"सायकल दे. वर्षभरासाठी."

"देतो. पर एक शर्त."

शर्त अशी की कॅरिअरला मागे पत्र्याची पाटी लटकवायची: हनीफ सायकल मार्ट, मुरुड. लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, कंधार, सगळीकडे फुकट जाहिरात. पाटी एवढी रुंद होती की मागून वारा आला तर शिडासारखी ढकलायची आणि बाजूनं आला तर मला रस्त्याखाली उतरवायची.

पहिली फेरी भादव्यातल्या आमुशाला केली. त्या दिवशी घरोघर पितरांना जेवू घालत होते आणि मी पहाटे मुरुड सोडत होतो. वेशीतल्या म्हातारीनं विचारलं, "कुठं निघाला?" मी सांगितलं. ती म्हणाली, "पितर घरी यायचा दिवस हाय, तू त्यांच्याकडं कशाला चालला?" त्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. अहमदपूरच्या पुढं पाय माझे राहिले नव्हते एवढं आठवतं. कंधारला सूर्य किल्ल्याच्या भिंतीला टेकलेला असताना दुकानापाशी पोचलो. ब्रेक दाबले, सायकल थांबली, पण मला उतरता येईना. सायकलसकट मिठाच्या पोत्यावर आडवा झालो.

मडिवाळप्पांनी आधी पोतं फाटलं का ते बघितलं. मग भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली, माझा अंगठा शाईत बुडवला आणि आमुशाच्या चौकोनावर दाबला. "एक," म्हणाले. "जेवा."

दुसरी फेरी धोंड्याच्या महिन्यात आली. त्या साली आश्विन दोन होते, पहिला अधिक. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे ही रीत तर सगळ्यांना माहीत आहे. सासूबाईंनी तेहतीस धोंडे केले होते. दुष्काळ पडायला लागला होता, पाऊस पोळ्यानंतर तोंड फिरवून गेला होता, तरी जावयाला कमी नको म्हणून पुरण भरपूर. रात्री आडवा झालो तो मेल्यासारखा. सकाळी अंघोळ करून सासऱ्यांच्या शेजारी लिंगपूजेला बसलो. आमच्यात गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. मी गळ्यातलं वस्त्र सोडलं आणि लिंगाबरोबर तळहातावर काळ्या रबराचे चार बारीक तुकडे पडले. व्हॉल्वट्यूब. वाटेत हवा गेली तर लागते, आणि अंगावरून कधी न पडणारी जागा म्हणून मी ती तिथं बांधली होती.

मडिवाळप्पांनी माझ्या तळहाताकडं बघितलं. मग भस्म लावत म्हणाले, "जावईबापू, महादेवाला पंक्चर काढायला बसवलं का?"

सासूबाई आत धोंड्यांचं ताट घेऊन हसत हसत भिंतीला टेकल्या. मी तुकडे कानावर ठेवले आणि पूजा पुरी केली. ते म्हणाले, "दोन." त्यांच्या तोंडातून आकडाच निघायचा, शाबासकी नाही.

दिवाळीच्या आमुशाला तिसरी. दुकानात लक्ष्मीपूजनाची आरती चालू असताना मी घामानं निथळत आत शिरलो, तर बायकांना वाटलं दुकान लुटायला कुणी आलं. मग कार्तिक. मग येळवस, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या.

येळवशीला लातूर भागात सायकल चालवणं मूर्खपणाचं आहे हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. त्या दिवशी प्रत्येक शेतात कडब्याची कोप असते, भाज्या-हरभऱ्याची भज्जी असते, ताकातली आंबिल असते, आणि रस्त्यानं जाणारा माणूस न जेवता गेला तर मालकाला अपमान वाटतो. दुष्काळामुळं भज्जीत हरभरा कमी आणि पाणी जास्त होतं, आंबिल तर ताकाला ओळखत नव्हती, पण हाक तेवढीच जोरात. लातूर ते चाकूर मला सात जणांनी धरून बसवलं. सातव्या शेतात मी म्हटलं, "मालक, मला कंधारला जायचंय, सूर्य मावळायच्या आत." तो म्हणाला, "मग सूर्याला बी बसवू की हितं." आठव्याची हाक ऐकू आल्यावर मी सायकल रस्त्यावरून न नेता नाल्यातून नेली. तरी त्या दिवशी कंधारला पोचलो तेव्हा सूर्याचा नखाएवढा तुकडा उरला होता. मडिवाळप्पा पायरीवर उभं राहून त्या तुकड्याकडं बोट दाखवत होते.

अहमदपूरच्या पुढं माळेगावच्या अलीकडं दुष्काळी कामावरची टोळी रस्त्याची खडी फोडायची. काही माणसं विष्णुपुरीच्या धरणाकडं कामाला गेली होती, म्हणून टोळीत बायाच जास्त. त्यात एक अमीरबी होती, पन्नाशीची, डोक्यावर ओलं फडकं, सगळ्यांना पाणी पाजायचं काम तिच्याकडं. माझी पाटी लांबून चमकली की ती ओरडायची, "आला गं आला! सासरवाडीचा पोस्टमन!" मला एकच तांब्या पाणी मिळायचं, त्या वर्षी तेवढंसुद्धा पुष्कळ होतं. पाण्याबरोबर चौकशी. किती झाल्या, किती राहिल्या, सासरा काय म्हणाला, बायको काय म्हणाली. एकदा ती म्हणाली, "बाबा, एवढी रगडपट्टी करून तू त्या म्हाताऱ्याच्याच दाराशी जातोस. त्यापरीस बायकोच बदलायची, जवळच्या गावची करायची."

मी हे मल्लम्माला सांगितलं. दोन दिवस भाकरी करपलेली मिळाली.

अक्षरं मी त्याच रस्त्यावर शिकलो. माझ्या पाठीमागं लटकणारी पाटी सगळ्यांना वाचता येत होती, मला सोडून. मग मी हनीफला विचारलं, ह कुठला, न कुठला. ही अक्षरं हेरून ठेवली आणि वाटेतल्या पाट्यांवर शोधायला लागलो. त्या दिवसांत लातूर तालुक्यातल्या पाट्यांवर उस्मानाबाद खोडून लातूर लिहीत होते. एका ठिकाणी रंगारी ला आणि तू लिहून विडी प्यायला बसला होता. मी थांबलो आणि म्हटलं, "र राहिला." तो उठला, पाटी बघितली, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "गुरुजी का तुम्ही?" मी आयुष्यात पहिल्यांदा छाती काढून सायकल चालवली ती तिथून पुढं चार किलोमीटर.

सहाव्या फेरीला मी सासऱ्यांना म्हटलं, "अंगठा नको. सही करतो." त्यांनी टाक दिला. मी जीभ बाहेर काढून, चौकोनाच्या बाहेर जात, लिहिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं: हनीफ सायकल मार्ट.

"हे काय?"

"सध्या एवढंच येतं, मामा."

"लिंगायताच्या घरातल्या दिनदर्शिकेवर," ते म्हणाले, आणि टाक पुसून ठेवला. उन्हाळाभर त्या भिंतीवर दर आमुशाला हनीफची जाहिरात लागत गेली. बघणारे विचारायचे, आणि मडिवाळप्पांना सगळी गोष्ट सांगावी लागायची. सांगता सांगता ते मलाच जरा बरं बोलायला लागले होते, असं सासूबाईंनी मल्लम्माला कळवलं होतं. मला प्रत्यक्ष काही ऐकू आलं नाही.

चैत्र-वैशाखाच्या फेऱ्यांबद्दल मी लिहीत नाही. डांबर वितळून चाकाला चिकटायचं आणि डोकं भट्टीसारखं व्हायचं, एवढं पुरे. नवव्या फेरीला लोह्याजवळ मी सायकल टाकून झाडाखाली बसलो आणि ठरवलं, आता पुरे. घरी जायला बस होती. टपावर सायकल टाकायची, झालं. तेव्हा मला पार्वतीची आठवण झाली असं म्हणायला छान वाटेल, पण खरं म्हणजे मला त्या बसचा कंडक्टर आठवला. तो कंधारचाच होता, आणि टपावर माझी सायकल दिसली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या कंधारला कळणार होतं. म्हणून उठलो.

दिव्याच्या आमुशाला बारावी झाली. पाऊस यंदा बरा लागला होता, खडी फोडणारी टोळी आता खड्डे भरत होती. कंधारला पोचलो, नीट उतरलो, सही केली. ते म्हणाले, "बारा." मी वाट बघितली. ते आणखी काही बोलतील, नाव काढलं म्हणतील. ते म्हणाले, "पोळ्याला या."

"येतो की. पोरांना घेऊन, जेवायला," म्हटलं.

ते माझ्याकडं जरा चमत्कारिक बघत राहिले. मला वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलं.

परत मी बसनं आलो. सायकल टपावर, मी आत खिडकीपाशी राजासारखा. मुरुडला उतरवताना तिचं पुढचं चाक वाकलं, पण त्याचं कुणाला काय होतं? हनीफनं हार आणला होता, पेढे आणले होते. मोंढ्यातली माणसं आली. पार्वती गुरुजींना घेऊन आली, आणि गुरुजींनी दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांना टाळ्या वाजवायला लावल्या. पुरे तीन आठवडे मला मुरुडात कुणी अर्धा म्हटलं नाही. मी मात्र त्या तीन आठवड्यांत अर्ध्या बुडावर बसत होतो. वर्षभर सायकलीवर जे गप्प राहिलं होतं ते विसावा मिळताच उठलं. डाव्या बाजूला, जिथं माणूस बसतो नेमकं तिथं, लिंबाएवढं गळू. मल्लम्मा रोज कांद्याचं पोटीस बांधायची आणि रोज विचारायची, "दुसऱ्या जागी आलं असतं तर काय बिघडलं असतं?"

पोळ्याच्या चार दिवस आधी हनीफच्या दुकानात उभा होतो, बसता येत नव्हतं म्हणून उभाच. पोस्टमन कार्ड घेऊन आला. हनीफनं हात पुढं केला, मी म्हटलं, "थांब. मी वाचतो. मोठ्यानं." दुकानात सात-आठ माणसं होती, पार्वती शाळेतून येताना थांबली होती. मला दाखवायचं होतं. बोट ठेवून ठेवून मी वाचत गेलो:

"चिरंजीव जावई बसवंत यांस आशीर्वाद. बारा झाल्या, पाहिल्या. परंतु साल तेरा आमुशांचे होते. धोंड्याच्या महिन्याने ते एकाने वाढले, हे आमचे धोंडे खाऊन तोंड पुसताना आपण विसरलात. ठरल्याप्रमाणे पोळ्यास सूर्य मावळण्यापूर्वी यावे. न आल्यास नाव कायम. मडिवाळप्पा."

नवीन वाचणाऱ्याला अक्षरं दिसतात, अर्थ ऐकणाऱ्याला आधी कळतो. मी 'तोंड पुसताना' पर्यंत पोचलो तेव्हाच दुकानात लोक खाली बसून हसत होते. मी शेवटपर्यंत वाचलं, सहीसकट, आणि मग मला कळलं मी काय वाचलं ते.

"खोटं हाय," मी म्हटलं. "वर्ष बाराच महिन्यांचं असतं."

हनीफनं भिंतीवरची जुनी आणि नवी दिनदर्शिका उतरवली. मी स्वतः बोट ठेवून मोजलं. दोनदा मोजलं. मोंढ्यात पोती मापणारा माणूस मी, माझ्याच हातून महिना सुटला होता, आणि सुटलेला महिना मी तेहतीस धोंड्यांबरोबर गिळला होता.

"आरं अर्धा तो अर्धाच!" कुणीतरी म्हणालं. तीन आठवडे दाबून ठेवलेलं सगळ्यांच्या तोंडातून एकदम बाहेर आलं.

पार्वती रडली नाही. तिनं विचारलं, "अप्पा, मग जाणार का?"

"बसता येत न्हाई, बाई."

"मी गुरुजींना काय सांगू?"

मी हनीफकडं बघितलं. तो चाक सरळ करायचा पाना शोधायला लागला होता. त्यानं त्याच रात्री, त्याच्या बायकोच्या, जन्नतबीच्या, लग्नातली कापसाची उशी फाडून सीटवर गादी शिवली. जन्नतबी पुढं कितीतरी महिने माझ्याशी बोलली नाही.

पोळ्याला पहाटे निघालो. गादी असली तरी बसवेना, म्हणून लातूरपर्यंत उभ्यानंच पायडल मारले. लोकांना वाटायचं माणूस शर्यतीत आहे. चाकूरच्या पुढं पाऊस आला, काळी माती मडगार्डमध्ये भरली, काटकीनं उकरत उकरत पुढं गेलो. अहमदपूर सोडेपर्यंत मांड्या थरथरायला लागल्या होत्या. उभं राहवेना आणि बसवेना, या दोन्हींच्या मध्ये एक बेत असतो तो मी त्या दिवशी शोधून काढला. माळेगावपाशी टोळी होती. अमीरबीनं लांबून हाक मारली. मी हात वर करायला गेलो आणि सायकल एका खड्ड्यात गेली. मी दाणकन गादीवर बसलो.

जो आवाज मी केला तो माळेगावच्या देवळापर्यंत गेला असणार. टोळीतल्या बाया धावत आल्या. मी रस्त्यावर पालथा.

"मेला का गं?"

"न्हाई," मी म्हटलं. "फुटलं."

अमीरबीला कळायला वेळ लागला नाही. तिनं बायांना मागं फिरवलं, पाण्याचा तांब्या आणि आपल्या डोक्यावरचं फडकं माझ्याजवळ ठेवलं आणि पाठ करून उभी राहिली. "हा खड्डा आज सकाळीच भरायचा होता," ती म्हणाली. "मुकादमानं उद्यावर टाकला. त्याचं तोंड गोड कर जाताना." मी फडक्यानं जे करायचं ते केलं, उठलो, आणि सायकलीवर बसलो. बसलो. चार आठवड्यांत पहिल्यांदा. वाटलं, कुणी गादीवर नाही तर सिंहासनावर बसवलंय.

कंधारच्या अलीकडं ढग फाटले आणि सूर्य दिसला, बराच वर. मडिवाळप्पा पायरीवर घोंगडी पांघरून बसले होते. पोळ्याचे बैल वेशीतून परत येत होते, दुष्काळात जगले वाचले तेवढे, त्यांच्या शिंगांना रंग आणि अंगात हाडं. मी त्यांच्या मागून आलो, चिखलानं भरलेला, धोतराची मागची बाजू बघण्यासारखी नव्हती. लोक बैल सोडून माझ्याकडं बघायला लागले.

सासऱ्यांनी दिनदर्शिका पुढं केली. मी सही केली. ते म्हणाले, "तेरा." मग गळा साफ केला आणि दुकानातल्या, रस्त्यावरच्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंडळी, हे माझे जावई बसवंत. ह्यांना मी मांडवात नाव ठेवलं होतं. ते मी आज काढलं."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवायला वाकलो. ते हळू आवाजात म्हणाले, "मी काढलं. लोकांच्या तोंडातनं काढणं माझ्या हातात न्हाई. तिकडचं तुम्ही बघा." मग नाक मुरडून, "आणि आधी मागं जाऊन धुऊन या. मढ्यासारखा वास येतोय, आणि भाद्रपदातलं श्राद्ध अजून लांब हाय."

ते बरोबर बोलले. मुरुडच्या तोंडातून नाव गेलं नाही. आजही मोंढ्यात विचारलंत तर अर्धा बसवंत कुठं राहतो हे सांगतील, माझं आडनाव सांगता येणार नाही. फक्त पार्वतीचं झालं असं, की त्या वर्षी चौथीत हजेरीला कुणी म्हटलं, "अर्ध्याची," तर ती उभी राहून म्हणाली, "हाव. तेरा डाव कंधारला गेलेल्या अर्ध्याची. तुझा बाप किती डाव गेला?" त्यानंतर तिला कुणी चिडवलं नाही. ती आता स्वतः लातूरला शाळेत शिकवते, आणि मी हे लिहितोय त्यातल्या वेलांट्या तिनंच सरळ केल्या आहेत. गळ्यातल्या लिंगाची जागा मी पुन्हा रबराला दिली नाही. विहीर मात्र अजून वीस हातांवरच आहे.

त्या पोळ्यानंतर मी कंधारला एकदाच घाईनं गेलो, आणि ते बसनं. माझे सासरे मडिवाळप्पा त्याच वर्षी, एकोणीसशे त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात, एका सोमवारी सकाळी दुकान उघडण्याआधी वारले.